जूनचं बिल डिसेंबरएवढं: वरूडकडच्या एका संत्रा कंपनीचा क्लाउड-खर्च

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात जून महिन्यात संत्रा नसतो. आंबिया बहाराची तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्च. एप्रिल सरला की पॅकिंगच्या शेडमध्ये रिकाम्या कॅरेटच्या थप्प्या उरतात, वजनकाट्यावर धूळ बसते आणि संचालक मंडळाच्या बैठकीला कोरम भरायची मारामार होते. अशा जून महिन्यात इथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं वापरायच्या संगणकांचं, बिल डिसेंबरच्या बिलाएवढंच आलं. करासकट सुमारे सव्वीस हजार रुपये.

हिशेब पाहणाऱ्या ताईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सीईओंना विचारलं, "सर, माल नाही तर हे कायचं बिल आहे?" सीईओंकडे उत्तर नव्हतं, कारण बिलावर एकच ओळ होती: 'क्लाउड सेवा, मासिक'. कंपनीचं आणि माणसांचं नाव इथं देत नाही. प्रकरण मात्र सविस्तर मांडतो, कारण विदर्भातल्या बऱ्याच उत्पादक कंपन्या आता ॲपवर काम करतात आणि त्यांची क्लाउड-खरेदी अशाच वाटेनं झालेली असते.

ही कंपनी केंद्राच्या १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेतून उभी राहिलेली. योजना २०२० ची. तीत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि ती संपली की सीईओचा पगार, अकाउंटंट, वीज, इंटरनेट सगळं कंपनीनं स्वतःच्या धंद्यातून भागवायचं. या कंपनीचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. मदत चालू होती तोवर क्लाउडच्या बिलाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ॲपचं काम साधं. शेतकऱ्याचा माल आला की काट्यावरचं वजन थेट नोंदवलं जातं, प्रतवारी होते, फळाचा फोटो जोडला जातो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर पट्टी जाते. हे सगळं मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर या क्लाउडवर, पुण्यातल्या सेंट्रल इंडिया विभागात. एक सर्व्हर ॲपचा, एक डेटाबेसचा, एक चाचणीचा. शिवाय फोटोंचा साठा आणि लॉग, म्हणजे प्रोग्राम आपोआप लिहीत जातो त्या नोंदी. सांभाळायला गावातलाच, अमरावतीला इंजिनिअरिंग शिकलेला एक पोरगा. हुशार आहे, पण त्याचा पगार ॲप चालतं ठेवण्याचा आहे. बिल कधी त्याच्यापर्यंत आलंच नव्हतं. ॲझ्युर ज्याच्यामार्फत घेतलं होतं त्या नागपूरच्या पुरवठादाराकडून ते थेट ताईंच्या मेलवर जायचं.

जूनच्या बिलानंतर सीईओंनी त्याला ॲझ्युरच्या पोर्टलमध्ये खर्च बघायला सांगितलं. त्यानं कॉस्ट मॅनेजमेंटचं पान उघडलं, तर खर्च पाहायची परवानगी नाही असा निरोप आला. सर्व्हर दिसत होते, चालू-बंद करता येत होते, नवीन तयार करता येत होते. फक्त त्यांना किती पैसे लागतात ते दिसत नव्हतं. अध्यक्ष ऐकून म्हणाले, "पैसे आपून भरून रायलो, अन् आपल्यालेच दिसत नाई? असं कसं जमते बाप्पा?"

याच सुमारास एका कंपनीचा विक्री प्रतिनिधी येऊन गेला. त्यांच्याकडे क्लाउडचा खर्च कमी करणारं साधन होतं, वर्षाची वर्गणी आगाऊ. सादरीकरण देखणं होतं. आलेख, रंग, "तीस टक्के बचत". मंडळातले दोघे-तिघे राजी झाले होते. मला बोलावलं ते त्या ठरावावर मत द्यायला.

मत द्यायला फार वेळ लागला नाही. बाहेरचं कोणतंही साधन खर्चाचा आकडा स्वतः तयार करत नाही. ते तुमच्याच खात्यातून, तुम्ही दिलेल्या परवानगीनं, क्लाउड कंपनीच्याच एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडून माहिती मागवायच्या सोयीतून, तो वाचतं. ज्या खात्यात मालकालाच खर्च दिसत नाही, तिथं त्या साधनालाही दिसणार नाही. वर्गणी भरून रिकामे आलेख पाहायला मिळाले असते. दुसरं म्हणजे अशी साधनं बहुधा खर्चाच्या टक्क्यावर किंवा किमान शुल्कावर विकली जातात. महिन्याला काही कोटी खर्च करणाऱ्यांना ती परवडतात. वीस-पंचवीस हजारांच्या बिलावर किमान शुल्क लावलं तर सगळी बचत साधनच खाऊन टाकतं. आणि तिसरी गोष्ट, जी त्या प्रतिनिधीनं सांगितलीच नव्हती: ॲझ्युरच्या खर्चासाठी मायक्रोसॉफ्टचं कॉस्ट मॅनेजमेंट फुकट आहे.

आपल्या पोराला हे फुकटाचं पटेना. त्यानं यूट्यूबवर पाहिलं होतं की वेगळी नोंदणी लागते आणि एक टक्का फी पडते. दोन्ही गोष्टी एकेकाळी खऱ्या होत्या, फक्त वेगवेगळ्या संदर्भात. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये क्लाउडिन नावाची कंपनी विकत घेतली. तिचं पोर्टल काही वर्षं वेगळं चाललं आणि जून २०२१ अखेर बंद झालं. वेगळी नोंदणी तिथली. एक टक्का फी होती ती ॲमेझॉनचा खर्च ॲझ्युरच्या पानावर आणून पाहण्यासाठी, आणि ती जोडणीही ३१ मार्च २०२५ ला बंद झाली. जुन्या व्हिडिओवर तारीख बघायची सवय आपल्याकडे कमीच.

मग अडलं कुठं होतं? तर खरेदीच्या कागदावर.

ॲझ्युर विकत घ्यायच्या ढोबळ वाटा तीन. मोठ्या उद्योगांसाठी एंटरप्राइझ करार. त्यात खर्च कोणाला दिसावा याची कळ मुख्य प्रशासकाच्या हातात असते. दुसरी वाट थेट मायक्रोसॉफ्टशी करार करून, वापराल तेवढं भरा या पद्धतीची. तिथं सबस्क्रिप्शनचा, म्हणजे ज्या खात्याखाली सर्व्हर आणि त्यांचा खर्च मांडला जातो त्याचा, मालक पहिल्यापासून आपला खर्च पाहू शकतो, नवीन सबस्क्रिप्शनला सगळ्या सोयी सुरू व्हायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात एवढंच. तिसरी वाट पुरवठादारामार्फत, म्हणजे क्लाउड सोल्यूशन प्रोव्हायडर. इथं मायक्रोसॉफ्टचं गिऱ्हाईक पुरवठादार, आणि पुरवठादाराचं गिऱ्हाईक तुम्ही. बिल तो देणार, दर तो ठरवणार. त्यामुळं खर्च ग्राहकाला दाखवायचा की नाही हेही त्याच्याच हातात. त्याच्या बिलिंग खात्यात प्रत्येक ग्राहकासमोर एक धोरण असतं. ते 'होय' केलं तर ग्राहकाच्या ज्या माणसांकडे सबस्क्रिप्शनवर योग्य भूमिका आहे, त्यांना खर्च दिसू लागतो. 'नाही' असेल तर तुम्ही सबस्क्रिप्शनचे ओनर असलात तरी पान कोरं.

एक अट आधीची आहे: सबस्क्रिप्शन 'ॲझ्युर प्लॅन'खालचं हवं. जुन्या पद्धतीचं पुरवठादार-सबस्क्रिप्शन असेल तर आधी ते प्लॅनवर न्यावं लागतं. या कंपनीचं सबस्क्रिप्शन प्लॅनखालचंच असल्यानं तो प्रश्न इथं आला नाही, पण जुन्या सूतगिरण्या किंवा पतसंस्थांनी तपासून घ्यावा.

थोडक्यात, कुलुपाला दोन किल्ल्या होत्या. एक पुरवठादाराकडचं धोरण, दुसरी आपल्या माणसाची भूमिका. आपल्या पोराकडे काँट्रिब्युटर ही सर्व्हर उभे करण्या-बदलण्याची भूमिका होती, म्हणजे दुसरी किल्ली चालण्यासारखी होती. पहिली नागपुरात.

नागपूरच्या पुरवठादाराला फोन केला. पहिलं उत्तर, "आमच्याकडे ती पॉलिसी नाही." मग, "कस्टमरला कन्फ्यूजन होते." दोन्ही उत्तरांमागचं खरं कारण मला माहीत होतं आणि ते फार काळं नाही. धोरण सुरू केल्यावर ग्राहकाला दिसतो तो मायक्रोसॉफ्टचा किरकोळ दर. पुरवठादाराला मिळालेली सूट किंवा क्रेडिट ग्राहकाला दिसत नाही, आणि पुरवठादारानं वर लावलेला आकारही त्या पानावर येत नाही. म्हणजे ग्राहक पानावरचा आकडा आणि हातातलं बिल यांची वजाबाकी करू शकतो. पुरवठादारांना भीती या वजाबाकीची.

म्हणून बोलणं तिथूनच सुरू केलं. सीईओंनी लेखी कळवलं की तुमचा आकार आम्हाला मान्य आहे, तो बिलावर वेगळ्या ओळीत दाखवा. मात्र वापराचा तपशील आम्हाला दिसला पाहिजे. सोबत हेही नम्रपणे लिहिलं की ॲझ्युर प्लॅनखालची सबस्क्रिप्शन्स एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे सर्व्हर बंद न करता नेता येतात. दुसरं वाक्य कामाला आलं असावं. आठवड्याभरात धोरण सुरू झालं.

मग ताईंना सबस्क्रिप्शनवर 'कॉस्ट मॅनेजमेंट रीडर' ही भूमिका दिली. हा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या भूमिकेतल्या माणसाला खर्च दिसतो, पण सर्व्हरला हात लावता येत नाही. त्यामुळं 'चुकून काही बंद पडलं तर' ही भीती उरत नाही आणि खर्चावर डोळा ठेवणारा माणूस सर्व्हर चालवणाऱ्याहून वेगळा होतो. जो सर्व्हर उभे करतो त्यालाच त्याचं बिल तपासायला लावणं कुठल्याच कार्यालयात चालू नये. ताईंनी दुसऱ्याच दिवशी संसाधनानुसार खर्चाची यादी काढून टेबलावर ठेवली.

यादीतली पहिली ओळ चाचणीच्या सर्व्हरची. पोरगा म्हणाला, "तो तं मी मार्चमध्येच बंद केला!" आणि त्यानं खरंच केला होता. विंडोजमध्ये आत जाऊन शटडाउन दिलं होतं, घरच्या संगणकाला देतो तसं. ॲझ्युरमध्ये आतून बंद केलेला सर्व्हर 'स्टॉप्ड' दिसतो, पण त्याच्यासाठी राखलेली यंत्रसामग्री सुटत नाही आणि भाडं चालूच राहतं. पोर्टलमधून स्टॉप दिलं की अवस्था 'स्टॉप्ड, डीॲलोकेटेड' होते आणि तेव्हाच संगणनाचं भाडं थांबतं. तरीही डिस्कचे पैसे लागत राहतात आणि स्थिर सार्वजनिक आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, घेतला असेल तर त्याचेही. मार्चपासून तो सर्व्हर पूर्ण दरानं चालला होता. हे अज्ञान एकट्या त्याचं नाही. पोर्टलवर दोन्ही अवस्था इतक्या सारख्या दिसतात की मी हे मोठ्या कार्यालयांतही पाहिलं आहे.

दुसरी ओळ मात्र मलाही अनपेक्षित होती: लॉग. आणि जूनमध्ये लॉगचा खर्च डिसेंबरपेक्षा जास्त. माल नाही, शेतकरी नाही, नोंद नाही, मग लॉग कशाचा? पोरानं उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. काट्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम दर काही सेकंदांनी काट्याला हाक मारतो. हंगामात काटा उत्तर देतो, एक ओळ लिहिली जाते. हंगाम संपल्यावर काट्याची पिन काढून ठेवतात. मग प्रत्येक हाकेला उत्तर नाही, आणि प्रत्येक वेळी त्रुटीचा भलामोठा मजकूर लॉगमध्ये. दिवस-रात्र, महिनेच्या महिने. हे लॉग साठवणाऱ्या ॲझ्युरच्या लॉग ॲनालिटिक्स सेवेत पैसे मुख्यतः आत घेतलेल्या डेटाच्या जीबीवर लागतात. पहिले ३१ दिवस ठेवायला वेगळं शुल्क नाही. त्यामुळं 'जुने लॉग पुसून टाका' हा उपाय इथं कुचकामी, खर्च आत येतानाच होऊन गेलेला असतो. उपाय दोन: काटा बंद असेल तर तासाला एकच हाक, आणि दिवसाला आत घ्यायच्या डेटावर मर्यादा. जून डिसेंबरएवढा का आला याचं उत्तर या दोन ओळींत होतं. हंगामात कामाचा खर्च, बिगरहंगामात निष्काळजीचा, आणि बेरीज योगायोगानं सारखी.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. जुन्या सर्व्हरची कोणालाच न जोडलेली एक डिस्क पडून होती, ती काढली. मागच्या हंगामातल्या फळांचे फोटो साठ्याच्या 'हॉट', म्हणजे नेहमीच्या वापराच्या, थरातून क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या 'कूल' थरात हलवले. तिथं किमान ३० दिवस ठेवायची अट असते, पण हे फोटो वर्षभर कोणी बघत नाही.

आता वजाबाकी. पानावरचा आकडा घेतला, त्यात १८ टक्के जीएसटी मिळवला, कारण कॉस्ट मॅनेजमेंट कराशिवायची रक्कम दाखवतं. तरी बिल मोठंच. फरक करापूर्वी साडेतीन-चार हजारांचा, तो पुरवठादाराचा. मंडळात थोडी गरमागरमी झाली. मी पुरवठादाराची बाजू घेतली. या कंपनीचं खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत, क्रेडिट कार्ड नाही. पुरवठादार एनईएफटी घेतो, आणि पावसाळ्यात हात आखडता असतो तेव्हा दोन-तीन महिने थांबतोही. ऐन डिसेंबरात रात्री ॲप अडलं तेव्हा फोनही त्यानंच उचलला होता. याची किंमत असते. हरकत एवढीच की ती वेगळ्या ओळीत दिसावी.

कराबद्दल ताईंनी काढलेला मुद्दा मला जास्त मोलाचा वाटला. ताज्या फळांवर जीएसटी नाही. त्यामुळं संत्र्याच्या धंद्यासाठी घेतलेल्या सेवेवरचा १८ टक्के कर परत मिळत नाही, तो खर्चातच जिरतो. कंपनीचं कृषी सेवा केंद्र आहे, तिथल्या खतविक्रीवर कर लागतो, पण क्लाउड त्यासाठी वापरला जात नाही. म्हणजे आपल्या विक्रीवरच्या करातून हा कर वळता करून घेणाऱ्या कारखान्याला क्लाउडचा एक रुपया एक रुपयात पडतो, संत्रा कंपनीला १ रुपया १८ पैशांत. बचतीचा हिशेब करतानाही तसाच करायचा.

"मग डायरेक्ट मायक्रोसॉफ्टकडूनच घेऊ ना," असं एक संचालक म्हणाले. विचार केला आणि सोडला. कार्डावरून दरमहा आपोआप कापून घ्यायचं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सर्वसाधारणपणे १५ हजारांवरच्या प्रत्येक व्यवहाराला ओटीपी लागतो, आणि कार्ड कोणाच्या नावाचं, हा उत्पादक कंपनीत स्वतंत्र वादाचा विषय. बँकेतून भरणा करून बिल फेडायची सोय मायक्रोसॉफ्टच्या मंजुरीनं मिळते. शिवाय पुरवठादाराकडून थेट खात्यात जाणं बटण दाबून होत नाही. नवीन सबस्क्रिप्शन उभारून एकेक गोष्ट तिकडे हलवावी लागते. ऑक्टोबर तोंडावर असताना हे करण्यात शहाणपण नव्हतं.

खर्च दिसू लागल्यावर एक नवीन धोका सुरू होतो, त्याबद्दल थोडं. ॲझ्युर ॲडव्हायझर फुकट सल्ला देतो की अमुक सर्व्हर रिकामा आहे, लहान करा. हा सल्ला मूळ सेटिंगमध्ये मागच्या सात दिवसांचा वापर बघून येतो. ऑगस्टमधले सात दिवस पाहिले तर ॲपचा सर्व्हर जवळजवळ झोपलेलाच दिसणार. सल्ला ऐकून तो लहान केला आणि कोणाच्या लक्षात राहिलं नाही, तर नोव्हेंबरच्या पहिल्या भरगच्च सकाळी शंभर मीटरची ट्रॅक्टरची रांग आणि काट्यावर गोल फिरणारं चक्र. हा कालावधी ९० दिवसांपर्यंत वाढवता येतो, पण आपलं बहाराचं चक्र त्याहून लांब. तसंच वर्षाची किंवा तीन वर्षांची आगाऊ आरक्षणं, म्हणजे सर्व्हर तेवढ्या मुदतीसाठी आधीच बांधून घेणं: तो सल्ला ७, ३० किंवा ६० दिवसांच्या वापरावर बेतलेला असतो, आणि डिसेंबरात विचारलं तर यंत्र म्हणणार तिन्ही सर्व्हर आरक्षित करा. बारमाही चालतो तो फक्त डेटाबेस. आरक्षणाचा विचार करायचाच तर त्याच्यापुरता. यंत्राला आंबिया आणि मृग कळत नाहीत. ते ताईंच्या वहीत आहे. आम्ही तीच वही घेऊन बसलो आणि कोणता सर्व्हर कोणत्या महिन्यात किती आकाराचा, हे लिहून काढलं.

पोर्टलमध्ये महिन्याच्या खर्चाचं बजेटही लावलं: ८० टक्क्यांना एक मेल, शंभरला दुसरा, ताई आणि सीईओ दोघांना. अध्यक्षांना वाटलं होतं की बजेट ओलांडलं की सर्व्हर आपोआप थांबतील. तसं होत नाही. बजेट फक्त कळवतं, आणि आकडा पानावर यायलाच साधारण ८ ते २४ तास लागतात.

शेजारच्या तालुक्यातल्या एका कंपनीचं काम ॲमेझॉनवर आहे, त्यांनी हे ऐकून विचारलं. तिथं नावं वेगळी, गोम तीच. कॉस्ट एक्सप्लोरर हे तिथलं खर्च बघायचं पान पडद्यावर बघायला फुकट, एपीआयमधून मागवलं तर प्रत्येक विनंतीला एक अमेरिकी सेंट. पण खातं पुरवठादाराच्या ऑर्गनायझेशनमध्ये, म्हणजे एका मुख्य खात्याखालच्या खात्यांच्या गटात, सदस्य म्हणून असेल, तर सदस्यांना खर्च दाखवायचा की नाही हे मुख्य खातं ठरवतं. खातं स्वतःचं असलं तरी रूट यूझरनं, म्हणजे खात्याच्या मूळ मालक-लॉगिननं, एकदा आत जाऊन इतरांना बिलिंग पाहू देण्याची कळ सुरू करावी लागते, आणि रूटचा पासवर्ड बहुधा नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे असतो.

ऑगस्टचं बिल करासकट साडेतेरा हजारांच्या आसपास आलं, दोन ओळींत: वापर, आणि पुरवठादाराचा आकार. पुढच्या वर्षीच्या करारात सीईओंनी तीन गोष्टी घालायच्या ठरवल्या आहेत. खर्च दाखवण्याचं धोरण कराराच्या पूर्ण मुदतीत सुरू राहील, वापराची मासिक फाइल बिलासोबत येईल आणि दर बदलले तर महिनाभर आधी कळवलं जाईल. पुरवठादारानं पहिल्या दोन मान्य केल्या आहेत, तिसरीवर घासाघीस सुरू आहे.

एक काम राहिलंय. पूर्ण खात्याचा ग्लोबल ॲडमिन, म्हणजे सगळ्यात वरचा अधिकार, अजून पुरवठादाराच्याच एका माणसाच्या नावावर आहे. सुरुवातीला त्यानंच सगळं उभं केलं होतं. तो अधिकार कंपनीच्या दोन माणसांकडे घ्यायचा आहे, दोन अशासाठी की एकाचा फोन हरवला तर खातं अडू नये. एक सीईओ असतील. दुसरा कोण, यावर मंडळाचं एकमत झालेलं नाही. विषय दसऱ्यानंतरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे, कोरम भरला तर.